पाचची बातमी, सहाची बातमी : पाकिस्तान टेलिव्हिजन आणि १२ ऑक्टोबर १९९९

लष्करी सत्तापालटाचा एक ठरलेला क्रम असतो. आधी लष्करी गाड्या निघतात, मग टेलिफोन बंद पडतात, पंतप्रधानांच्या घराभोवती पहारा बसतो. सगळं उरकलं की गणवेशातला माणूस रेडिओवर किंवा टीव्हीवर येतो आणि आपल्याला नाइलाजाने हे पाऊल का उचलावं लागलं ते देशबांधवांना सांगतो. पाकिस्तानने हा क्रम १९९९ च्या आधी तीन वेळा अनुभवला होता. ऑक्टोबर १९५८ मध्ये अयूब खान आणि मार्च १९६९ मध्ये याह्या खान रेडिओवर आले. ५ जुलै १९७७ रोजी झिया उल हक आले, तोवर घराघरांत टीव्हीही पोचला होता. तिन्ही वेळा जनतेला कळलं ते सर्वांत शेवटी.

चौथ्या वेळी हा क्रम उलटा झाला. १२ ऑक्टोबर १९९९ रोजी टीव्हीवर बातमी आधी आली आणि लष्कर नंतर बाहेर पडलं. ती बातमीसुद्धा लष्कराने दिलेली नव्हती, पंतप्रधान नवाझ शरीफ यांनी दिली होती. पुढचे काही तास इस्लामाबादच्या टीव्ही केंद्रातल्या एका कंट्रोल रूमवरून दोन गणवेशधारी पक्षांत अक्षरशः झटापट झाली. बातमी वाचली गेली, गाळली गेली, पुन्हा वाचली गेली आणि मग पडदाच काळा पडला. सरकारी दूरचित्रवाणी आणि सैन्य यांचं नातं समजून घ्यायचं तर इतकं उघडंवाघडं प्रकरण दुसरं सापडणं कठीण.

केंद्र कुणाचं?

पाकिस्तान टेलिव्हिजन, म्हणजे पीटीव्ही, नोव्हेंबर १९६४ मध्ये लाहोरहून सुरू झालं. कागदोपत्री ती कंपनी, पण मालकी सरकारची, आणि नेमणुका आणि धोरण माहिती खात्याच्या हातात. अमृतसरमधल्या लोकांना लाहोरची नाटकं अँटेना फिरवून दिसत, आणि त्या नाटकांवर इकडेही लोक जीव टाकत. बातम्यांबद्दल मात्र कुणी तसं म्हटलेलं ऐकिवात नाही. रात्री नऊचं ‘खबरनामा’ म्हणजे दिवसभरात राष्ट्रपतींनी काय केलं, पंतप्रधानांनी काय केलं, कोण कुणाला भेटलं याची जंत्री. झियांच्या काळात वृत्तनिवेदिकांनी डोकं झाकलंच पाहिजे असा फतवा निघाला, आणि तो न मानणाऱ्या बाईंना पडद्यावरून जावं लागलं.

म्हणजे पीटीव्ही जो सत्तेवर असेल त्याचं. प्रश्न फक्त तेव्हा पडतो, जेव्हा सत्तेवर नक्की कोण आहे हेच ठरलेलं नसतं. १९९९ साली पाकिस्तानात बातम्या देणारी खासगी वाहिनी नव्हती. डिश असलेल्या घरांत बीबीसी, सीएनएन आणि भारतीय वाहिन्या दिसत. बाकी देशाला पीटीव्ही जे दाखवील ते. ही मक्तेदारी लक्षात ठेवायला हवी, कारण त्या संध्याकाळी दोन्ही बाजूंनी सगळा डाव तिच्यावरच लावला होता.

आधीचं वर्ष

शरीफ यांच्याकडे १९९७ पासून भक्कम बहुमत होतं. तेराव्या घटनादुरुस्तीने राष्ट्रपतींचे अधिकार काढून घेतल्यामुळे सेनाप्रमुखाच्या नेमणुकीची दोरीही पंतप्रधानांच्या हातात आली होती. ऑक्टोबर १९९८ मध्ये सेनाप्रमुख जहांगीर करामत यांनी लष्करालाही कारभारात स्थान देणाऱ्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची कल्पना जाहीरपणे मांडली. शरीफ यांना ते रुचलं नाही आणि करामत यांनी मुकाट राजीनामा दिला. पाकिस्तानच्या इतिहासात हे आक्रीतच होतं. मुलकी पंतप्रधानाने सेनाप्रमुखाला घरी पाठवलं आणि एकही ट्रक बराकीबाहेर पडला नाही. करामत यांच्या जागी शरीफ यांनी ज्येष्ठता डावलून परवेझ मुशर्रफ यांना आणलं.

पुढचं आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. कारगिल झालं. ४ जुलै १९९९ रोजी शरीफ वॉशिंग्टनला जाऊन क्लिंटन यांना भेटले आणि माघारीला कबूल झाले. लष्कराचं म्हणणं, पंतप्रधानांनी रणांगणात मिळवलेलं टेबलावर घालवलं. पंतप्रधानांचं म्हणणं, मला अंधारात ठेवून हा उद्योग केला. सप्टेंबरच्या अखेरीस शरीफ यांनी मुशर्रफ यांना तिन्ही दलांच्या संयुक्त समितीचं अध्यक्षपदही देऊ केलं, आणि त्यावर नौदलप्रमुख फसिह बोखारी यांनी राजीनामा दिला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं, मिटलं. प्रत्यक्षात दोघेही एकमेकांवर डोळा ठेवून होते. करामत यांच्यासारखी गत पुन्हा कुणाची होऊ द्यायची नाही, असं वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांनी मनाशी ठरवलेलं होतं. मुशर्रफ यांनीही पुढे १२ ऑक्टोबरच्या लष्करी कारवाईला ‘प्रति-उठाव’ म्हटलं.

माझ्या मते शरीफ यांच्या हिशेबातली पहिली चूक इथली आहे. करामत गेले ते स्वतःहून गेले, म्हणून ते प्रकरण शांततेत पार पडलं. शरीफ यांनी त्यातून काढलेला अर्थ वेगळा होता : पंतप्रधान म्हणाला की सेनाप्रमुख जातो.

बेत

मुशर्रफ श्रीलंकेच्या लष्कराच्या सुवर्णमहोत्सवासाठी कोलंबोला गेले होते. १२ ऑक्टोबरला ते पीआयए या पाकिस्तानी विमान कंपनीच्या पीके ८०५ या प्रवासी विमानाने कराचीला परतणार होते. विमान हवेत असताना त्यांना निवृत्त करायचं, त्याच वेळी आयएसआयचे प्रमुख लेफ्टनंट जनरल झियाउद्दीन बट यांना सेनाप्रमुख नेमायचं आणि ही बातमी लगेच पीटीव्हीवरून देशाला द्यायची, असा बेत ठरला. विमानातल्या माणसाला फोन करता येत नाही, हुकूम सोडता येत नाहीत. तो उतरेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असेल.

बेतात टीव्हीचं स्थान किती वरचं होतं ते एका गोष्टीवरून कळतं. त्या दिवशी सकाळी शरीफ मुलतानजवळच्या शुजाबादला सभेसाठी गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर मुलगा हुसेन, भाषणं लिहून देणारे नझीर नाजी आणि पीटीव्हीचे अध्यक्ष परवेझ रशीद होते. सेनाप्रमुख बदलायच्या दिवशी पंतप्रधानांच्या विमानात एकही सैन्यतुकडीचा प्रमुख नव्हता. लेखक होता आणि टीव्हीचा माणूस होता. कट अगदी जवळच्यांतच ठेवायचा, हे ठीक. पण अंमलबजावणी कोण करणार?

दुपारनंतर इस्लामाबादला पंतप्रधान निवासात झियाउद्दीन यांना बढती देण्यात आली. पीटीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर त्यांच्या खांद्यावर जनरलची पदचिन्हं चढवली गेली. सगळं इतकं घाईत चाललं होतं की चिन्हंसुद्धा जुळवाजुळव करून आणावी लागली, असं सांगतात. राष्ट्रपती रफिक तारड यांच्याकडून कागदावर सही आणली. कागद तयार, चित्रीकरण तयार, नवा सेनाप्रमुख तयार. फक्त हा नवा सेनाप्रमुख रावळपिंडीच्या मुख्यालयात नव्हता. तो पंतप्रधानांच्या घरी होता आणि तिथून फोन लावत होता.

पाच वाजता

संध्याकाळी पाचच्या सुमारास पीटीव्हीने बातमी दिली : जनरल परवेझ मुशर्रफ निवृत्त, झियाउद्दीन नवे सेनाप्रमुख.

रावळपिंडीच्या दहाव्या कोअरचे (कोअर म्हणजे सैन्याचा अनेक ब्रिगेडचा मोठा विभाग) प्रमुख लेफ्टनंट जनरल महमूद अहमद आणि चीफ ऑफ जनरल स्टाफ लेफ्टनंट जनरल अझीझ खान त्या वेळी रावळपिंडीतल्याच चकलाल्यात टेनिस खेळत होते. बातमी कळताच दोघे रॅकेट टाकून निघाले. हा तपशील बहुतेक सगळे गंमत म्हणून सांगतात, पण प्रकरणाचं मर्म त्यातच आहे. उठाव करायच्या तयारीत असलेली माणसं त्या घटकेला टेनिस खेळत नसतात. त्यांना उठवलं ते पीटीव्हीने. झियाउद्दीन आधी गुपचूप मुख्यालयात पोचले असते, दहाव्या कोअरचा नवा प्रमुख आधी खुर्चीत बसला असता आणि मग सहाला किंवा नवाला बातमी आली असती, तर महमूद आणि अझीझ यांच्या हाताखाली काय उरलं असतं कोण जाणे. शरीफ यांनी मात्र बातमी आधी दिली. देशाला जे कळलं ते विरोधकांनाही त्याच क्षणी कळलं. फरक इतकाच की देशाच्या हाताखाली १११ वी ब्रिगेड नव्हती.

ही ब्रिगेड रावळपिंडीत असते. राजधानीतल्या महत्त्वाच्या इमारतींची सुरक्षा हे तिचं काम, त्यामुळे कुठल्या फाटकातून कुठे जायचं हे तिला पाठ असतं. पाकिस्तानात तिच्यावर विनोद होतात ते उगाच नाहीत. तिला हुकूम दहाव्या कोअरकडून येतात, म्हणजे महमूद यांच्याकडून. झियाउद्दीन यांनी तोवर फोनवरून महमूद आणि अझीझ या दोघांच्याही जागी नवी माणसं नेमली होती. पण ज्यांना हटवलं ते आपापल्या जागी बसून हुकूम सोडत होते आणि ज्यांना नेमलं ते अजून वाटेतच होते. वेगवेगळ्या ठाण्यांवरच्या अधिकाऱ्यांना झियाउद्दीन यांचे फोन गेले, तेव्हा बरेच जण ‘हो सर’ म्हणाले आणि वाट पाहत बसले. सरळ नकार द्यायचा नाही आणि हालचालही करायची नाही, ही अशा वेळची फौजी रीत.

सहा वाजता

महमूद यांच्या माणसांनी दोन ठिकाणं धरली, पंतप्रधान निवास आणि पीटीव्ही. पीटीव्हीचं केंद्र कॉन्स्टिट्यूशन ॲव्हेन्यूवर, सरकारी इमारतींच्या रांगेतच आहे. मोजक्या जवानांसह एक मेजर आत शिरला आणि त्याने ती बातमी पुन्हा द्यायची नाही असं बजावलं. सहाचं इंग्रजी बातमीपत्र सुरू झालं. त्यात सेनाप्रमुख बदलल्याचा उल्लेखच नव्हता. तासाभरापूर्वीची देशातली सर्वांत मोठी बातमी जणू घडलीच नव्हती.

पंतप्रधान निवासात शरीफ टीव्ही लावून बसले होते. बातमी न आल्याने त्यांना काय वाटलं असेल याची कल्पना करता येते. पण प्रेक्षक एकटे तेच नव्हते. क्वेट्टा, पेशावर, लाहोर, सगळीकडचे ब्रिगेडिअर आणि कर्नल त्याच पडद्याकडे पाहत होते. पाचला एक सेनाप्रमुख आणि सहाला त्याचं नावच नाही, याचा अर्थ लावायला त्यांना कुणाच्या मदतीची गरज नव्हती. गाळलेली बातमी हीच मोठी बातमी होती, आणि ती बरोबर त्या लोकांपर्यंत पोचली ज्यांच्या हाताखाली माणसं होती.

शरीफ यांनी आपले लष्करी सचिव ब्रिगेडिअर जावेद इक्बाल यांना पीटीव्हीवर धाडलं. बरोबर पोलिसांचे सशस्त्र रक्षक. कंट्रोल रूममध्ये ब्रिगेडिअर आणि मेजर समोरासमोर आले. दोघेही एकाच सैन्यातले, एकाच्या खांद्यावर जास्त चिन्हं, दुसऱ्याच्या पाठीशी ब्रिगेड. आसपास खुर्च्यांवर रोजचे तंत्रज्ञ, समोर मॉनिटरची रांग, आणि पडद्यावर बातमीपत्र तसंच चाललेलं. ब्रिगेडिअरने पिस्तूल रोखलं. मेजरची आणि त्याच्या जवानांची शस्त्रं काढून घेतली गेली आणि त्यांना एका खोलीत कोंडण्यात आलं. बातमीपत्र संपता संपता निवेदिकेच्या हातात कागद आला आणि मुशर्रफ निवृत्त झाल्याचं तिने वाचलं.

ब्रिगेडिअर मोहीम फत्ते करून परतले, पण त्या विजयाचं आयुष्य काही मिनिटांचं होतं. १११ व्या ब्रिगेडचे आणखी जवान टीव्ही केंद्रापाशी आले. फाटक बंद होतं, म्हणून ते त्यावर चढून आत उतरले. बाहेर जमलेल्या वार्ताहरांनी ते टिपलं आणि जगाला त्या रात्रीचं जे छायाचित्र आठवतं ते हेच : पाकिस्तानी जवान आपल्याच देशाच्या टीव्ही केंद्राच्या फाटकावरून उडी मारताहेत. थोड्याच वेळात प्रक्षेपण बंद पडलं. एव्हाना पंतप्रधान निवासही घेरलं गेलं होतं.

मला या तासाभराच्या घडामोडींत सर्वांत लक्षणीय वाटतं ते हे, की दोन्ही बाजूंनी एकदाही कुणी प्रेक्षकाचा विचार केला नाही. जनतेने रस्त्यावर यावं असं आवाहन शरीफ यांनी केलं नाही. ते स्वतः पडद्यावर आले नाहीत. दोन तृतीयांश बहुमत मिळवलेला माणूस, ज्याच्या ताब्यात सहाच्या बातमीपत्राच्या अखेरची काही मिनिटं प्रत्यक्ष आली होती, त्याने ती एक सरकारी अधिसूचना दुसऱ्यांदा वाचून दाखवण्यात घालवली. ‘मी तुमचा पंतप्रधान बोलतोय, हे घडतंय’ एवढं तरी म्हणायचं! लोक आलेही नसते कदाचित. दुसऱ्या दिवशी लाहोरला मिठाई वाटली गेली, निषेध कुठे झालाच नाही म्हणण्याइतका क्षीण होता. पण त्यांनी प्रयत्नच केला नाही, कारण त्यांच्या लेखी टीव्ही लोकांशी बोलायसाठी नव्हता. तो सैन्याला हुकूम पोचवायचा बिनतारी संच होता.

आणि हुकूम असा पोचत नसतो. सैन्यात हुकूम वरच्याकडून खालच्याकडे, ओळखीच्या आवाजात, ठरलेल्या वाटेने येतो. बटालियनच्या कर्नलला त्याच्या ब्रिगेडिअरचा फोन आला की तो हलतो. टीव्हीवर कुणाचं तरी नाव ऐकून तो फार तर ब्रिगेडिअरला फोन करून विचारील, ‘सर, हे खरं आहे का?’ त्या संध्याकाळी हजार फोन असे झाले असतील, आणि पलीकडून उत्तर देणारी साखळी महमूद आणि अझीझ यांच्या हातात होती.

मग लष्कराला तरी पीटीव्हीची एवढी घाई का? साखळी हातात आहे तर वाजू दे टीव्ही. पण महमूद यांचं गणित जास्त पक्कं होतं. पाचची बातमी एकदाच आली तर ती अफवेसारखी राहते. नऊच्या खबरनाम्यात तीच बातमी, झियाउद्दीन यांच्या खांद्यावर चिन्हं चढवतानाच्या चित्रांसह, पुन्हा आली असती, तर दूरच्या कुठल्या तरी ठाण्यावरच्या एखाद्या जनरलने विचार केला असता : कागद आहे, राष्ट्रपतींची सही आहे, चित्र आहे, सेनाप्रमुख तो जो कायद्याने नेमलेला. असे दोन जनरल फुटले असते तरी फौज दुभंगली असती. म्हणून टीव्ही गप्प करणं भाग होतं.

हवेतला माणूस

या काळात ज्याच्यावरून हे सगळं चाललं होतं त्याला काही पत्ता नव्हता. पीके ८०५ मध्ये १९८ प्रवासी होते, त्यांत शाळकरी मुलंही होती. कराचीच्या नियंत्रण कक्षाने विमानाला उतरायला परवानगी नाकारली आणि पाकिस्तानबाहेर कुठेही जा असं सांगितलं. इंधन संपत आलं होतं. नवाबशाहला वळवायचा विचार झाला, विमान तिकडे निघालंही, पण तोवर कराचीच्या कोअरने विमानतळाचा ताबा घेतला होता. संध्याकाळी ७ वाजून ४८ मिनिटांनी विमान कराचीत उतरलं, टाकीत काही मिनिटांपुरतं इंधन असताना. मुशर्रफ उतरले ते थेट देशाचे सर्वेसर्वा म्हणून. उठाव त्यांच्यावाचून पार पडला होता. याच विमानावरून पुढे शरीफ यांच्यावर अपहरणाचा खटला चालला. एप्रिल २००० मध्ये जन्मठेप, डिसेंबरात सौदी अरेबियात हद्दपारी, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून निर्दोष सुटका.

२ वाजून ५० मिनिटं

रात्री उशिरा प्रक्षेपण परत सुरू झालं. देशभक्तीची गाणी वाजू लागली, शरीफ सरकार बरखास्त झाल्याचं आणि सेनाप्रमुख लवकरच राष्ट्राला उद्देशून बोलणार असल्याचं सांगण्यात आलं. ते ‘लवकरच’ काही येईना. इस्लामाबादेत महमूद स्वतः शरीफ यांच्याकडे गेले आणि राजीनाम्यावर सही मागितली. शरीफ यांनी नकार दिला. त्यांच्या सहीने सगळं कायदेशीर दिसलं असतं. ती नाही म्हटल्यावर उरला तो टीव्हीच.

कराचीत मुशर्रफ साध्या कपड्यांत उतरले होते. भाषण गणवेशातच हवं, म्हणून एका कमांडोचा जॅकेट अंगावर चढवला. पाटलोण साधीच होती, ती टेबलाआड राहिली. ही हकिकत त्यांनी स्वतःच पुढे सांगितली आहे. १३ ऑक्टोबरच्या पहाटे २ वाजून ५० मिनिटांनी भाषण प्रक्षेपित झालं. जेमतेम काही मिनिटांचं : संस्थांशी खेळ झाला, अर्थव्यवस्था कोलमडली, लष्करात फूट पाडायचा प्रयत्न झाला, म्हणून सैन्याला शेवटचा उपाय म्हणून पुढे यावं लागलं. धोरण वगैरे काही नाही. ते १७ तारखेच्या दुसऱ्या भाषणात आलं. पहाटे तीनला ऐकणार कोण? पण हे भाषण रातोरात जाणं आवश्यक होतं. कराची, लाहोर, क्वेट्टा इथल्या अधिकाऱ्यांनी सकाळी परेडला जायच्या आधी सेनाप्रमुख कोण हे निर्विवाद व्हायला हवं होतं. मुशर्रफ यांचे प्रेक्षकही तेच होते जे शरीफ यांचे होते. फक्त त्यांनी टीव्हीला शेवटी बोलावलं, बाकी सगळं झाल्यावर.

त्याच दिवशी दिल्लीत अटलबिहारी वाजपेयींच्या नव्या सरकारचा शपथविधी होता, आणि आपल्या वर्तमानपत्रांना एकाच पानावर दोन देशांची दोन सरकारं बसवायची कसरत करावी लागली. कारगिलच्या वेळी भारतात केबलवर पीटीव्हीला बंदी घातली होती, त्यामुळे पलीकडचा काळा पडदाही इकडच्या बहुतेकांनी बीबीसीवरूनच ऐकला.

नंतर

झियाउद्दीन यांना अटक होऊन पुढे बडतर्फ करण्यात आलं. पीटीव्हीचे अध्यक्ष परवेझ रशीद यांनाही अटक झाली. केंद्रातल्या बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी कामावर यायचंच होतं, ते आले, आणि त्यांनी नव्या राजवटीच्या बातम्या वाचल्या.

मुशर्रफ यांनी मात्र यातून एक अनपेक्षित निष्कर्ष काढला. कारगिलमध्ये भारतीय खासगी वाहिन्यांपुढे पीटीव्ही फिकी पडली आणि प्रचाराची लढाई पाकिस्तान हरला, असं लष्करातल्या अनेकांचं मत होतं. सरकारी वाहिनीवर लोक विश्वास ठेवत नाहीत, तर मग ती ताब्यात असून काय उपयोग? २००२ मध्ये नियामक मंडळ स्थापन झालं आणि खासगी वाहिन्यांना दार उघडलं. जिओ, एआरवाय, आज अशी नावं घराघरांत झाली. पाकिस्तानात टीव्ही खऱ्या अर्थाने मोकळा केला तो एका लष्करशहाने, ही गोष्ट तिथल्या लोकशाहीवाद्यांना आजही सांगायला अवघड जाते.

त्याच वाहिन्यांनी २००७ मध्ये सरन्यायाधीश इफ्तिखार चौधरी यांच्या बाजूचं वकिलांचं आंदोलन तासन्‌तास थेट दाखवलं. ३ नोव्हेंबर २००७ रोजी मुशर्रफ यांनी आणीबाणी लादली, तेव्हा खासगी वाहिन्या केबलवरून गायब झाल्या आणि पडद्यावर पुन्हा एकटं पीटीव्ही उरलं. पण आता ते पुरेसं नव्हतं. लोकांनी डिश लावल्या, मोबाइलवर निरोप धाडले, इंटरनेटवर पाहिलं. एका फाटकावरून उडी मारून देशाला गप्प करता येण्याचे दिवस आठ वर्षांत संपले होते. १८ ऑगस्ट २००८ रोजी मुशर्रफ यांनी राजीनामा जाहीर केला तोही टीव्हीवरूनच.

पीटीव्हीच्या त्या इमारतीत जमाव पुन्हा एकदा घुसला, १ सप्टेंबर २०१४ रोजी. या वेळी ते इम्रान खान आणि ताहिरुल कादरी यांचे निदर्शक होते. नवाझ शरीफ तिसऱ्यांदा पंतप्रधान होते. प्रक्षेपण काही काळ बंद पडलं, आणि ते पूर्ववत करायला आलं लष्कर. जवानांनी आंदोलकांना बाहेर काढलं आणि वाहिनी सुरू झाली. त्या वेळचे माहितीमंत्री परवेझ रशीद, म्हणजे १९९९ चे पीटीव्हीचे अध्यक्ष.

हेच रशीद ऑक्टोबर २०१६ मध्ये मंत्रिपदावरून गेले. सरकार आणि लष्कर यांच्या एका गोपनीय बैठकीची बातमी ‘डॉन’ या वर्तमानपत्राने छापली, लष्कर भडकलं, आणि बातमी रोखली नाही म्हणून माहितीमंत्र्याला जावं लागलं. चौकशी झाली. २९ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधान कार्यालयाने कारवाईचा आदेश काढला. त्यावर लष्कराच्या प्रसिद्धी विभागाच्या प्रमुखाने ट्विटरवर लिहिलं की ही अधिसूचना अपुरी आहे आणि ती नाकारण्यात येत आहे. पंतप्रधानांचा आदेश लष्कराने जाहीरपणे नाकारला, काही शब्दांत, शनिवारी दुपारी, कुठल्याही वृत्तसंपादकाला न विचारता. सगळ्या खासगी वाहिन्यांनी तो मजकूर पुढच्या काही मिनिटांत ठळक पट्टीवर चालवला. दहा-बारा दिवसांनी, पंतप्रधान आणि सेनाप्रमुख यांच्या भेटीनंतर, लष्कराने तो मागे घेतला.